चार शब्द नांदुऱ्यात

उत्तमराव आमच्या जळगाव जामोदच्या पोस्टात तारबाबू होते. आमच्या घराची पुढची खोली त्यांच्याकडे भाड्यानं होती. माणूस एकटा, अंगानं किरकोळ, आणि बोलायला इतका कंजूस की दूधवाल्याला ‘उद्या ये’ म्हणतानाही दोनदा विचार करत असेल, असं आमच्या घरात म्हणत.

एकादशीच्या फराळाचा डबा द्यायला मी एकदा पोस्टात गेले, तेव्हा त्यांचं काम पाहिलं. टेबलावर पितळेचं यंत्र कट्‌कट् करत होतं, अडकित्त्यानं सुपारी फोडावी तसं. उत्तमराव डोळे अर्धे मिटून लिहीत होते.

“काय म्हणते ते?” मी विचारलं.

“काईच म्हणत नाही, वहिनी. तारेतून शब्द येत नसते. नुसता खटका येते, छोटा नाहीतर लांब. खटक्यांचं अक्षर मी करतो, अक्षरांचा शब्द, अन् मग तो कोणाच्या तरी कामाचा कागद होते.”

टेबलावर चिंचोके होते. तारेच्या आधी आकडा येतो, पुढं किती शब्द आहेत त्याचा. तितके चिंचोके ते डावीकडे मांडत आणि शब्द आला की एकेक उजवीकडे सरकवत. डावीकडे एक जरी उरला, तरी कागद टेबलावरून उठत नसे. पुन्हा पाठवा म्हणून ते उलट खटके मारत बसत.

“इतकं कायले? एखादा शब्द आपल्याला कळतोच की.”

त्यावर त्यांनी अमडापूरचं सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथं लग्नाची तुटकी तार आली आणि शेवटचा शब्द, लग्नाचा वार, त्यांनी अंदाजानं भरला. वऱ्हाड एक दिवस आधीच नवरीच्या दारी येऊन बसलं. “नवरीचा बाप मले रागे नाही भरला. चहा पाजला त्यानं. तो चहा अजून गळ्याखाली उतरला नाही.”

१९६४ सालच्या वैशाखातली गोष्ट. शेजारची सरवरीभाभी माझ्या ओसरीवर शेवया करायला आली होती. तिचे मालक रहेमतुल्लाभाई गाद्या भरायचे. ते असलगावच्या बाजाराला गेलेले. लेक शाहजादी अकोल्याला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले. दुपारी असा वारा सुटला की शेवयांवर लुगडं झाकून आम्ही दोघी त्याची टोकं धरून बसलो.

तेवढ्यात उत्तमराव ऑफिसच्या वेळेत घरी आले. हातात साधा कागद. भाभीच्या हातातलं टोक सुटलं.

“भाभी, तुमची तार आहे. अकोल्याहून, जावयाची. शब्द बारा. आठ आले अन् लाईन गेली. आठ सांगतो, मधी बोलू नका.” इंग्रजीतली तार त्यांनी एकेक शब्द करून मराठीत सांगितली. “शाहजादी. अडली. ऑपरेशन. उद्या. सकाळी. अम्मीने. ताबडतोब. निघावे.”

“पुढं?” भाभी म्हणाली.

“पुढं चार शब्द आहेत. ते आले नाहीत.”

“त्यात काय कळायचं राह्यलं?” मी म्हटलं. “पोरगी अकोल्याले, तार अकोल्याची. अकोल्यालेच बोलावलं असन.”

“असू शकते. पण आलं नाही.”

“तुमच्या चार शब्दांपायी पोरगी मरू द्याची काय?” मी तोंडावर बोलले. आज लिहितानाही लाज वाटते. ते भाभीकडे वळले.

“‘निघावे’ हे आलं आहे. तेवढं आता करा. अकोला असो का आणखी कुठं, गाडी नांदुऱ्यालेच धरा लागते. अन् आपली तारही नांदुऱ्यावरूनच येते. तिथला बाबू पूर्ण तार घेतल्याबिगर पुढं पाठवत नाही. म्हणजे बाराही शब्द त्याच्याजवळ आहेत. तुमचे चार तिथं पडून आहेत, ते घ्या अन् मग तिकीट काढा.”

कागदावर तारेचा नंबर, वेळ, आलेले आठ शब्द आणि खाली ‘पुढील चार द्यावेत’ एवढंच होतं.

“शिक्का?” मी विचारलं.

“शिक्का नाही. अर्धी तार बाहेर द्याची नाही असा कायदा आहे. हा माझा कागद आहे.”

घरी निरोप ठेवून मी भाभीसोबत तीनच्या एष्टीत बसले. ती तसबीचे मणी ओढत होती, मी नामस्मरण करत होते. पण माझं चित्त नामात नव्हतं. ते केव्हाच अकोल्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढत होतं.

नांदुऱ्याच्या तारबाबूनं कागद वाचला आणि हसला. “जळगाववाल्याले चैन नाही. इथंही मोजून मागते!” फाईल उघडून त्यानं बोट ठेवलं. “नागपूर. मोठा. दवाखाना. गाठा.”

सकाळीच जावई फारुखमियांनी शाहजादीला अकोल्याहून नागपूरला हलवलं होतं. निघताना ठेसनावरून तार केली होती. आम्ही अकोल्याला उतरलो असतो, तर उपऱ्यासारखं एकेका खाटेपाशी विचारत फिरलो असतो आणि तिकडं सकाळ झाली असती. भाभी लगेच म्हणाली, “वच्छलाबाई, नागपूरची गाडी कोणत्या बाजूनं येते?”

संध्याकाळच्या गाडीत बायकांच्या डब्यात मी तिला बसवून दिलं, पदरची भाकर दिली. परतीच्या एष्टीत मात्र नाम घेता येईना. रोज मी देवाची इच्छा, देवाची इच्छा म्हणते. त्यातले किती शब्द मला खरोखर आले आणि किती मीच भरले, हे कधी मोजलं नाही.

भाभी पोचली तेव्हा लेकीला आत न्यायला अजून घटकाभर होती. दोघींची भेट झाली. शाहजादी वाचली, मुलगी झाली. इकडे वरच्या साहेबांनी बिनशिक्क्याच्या कागदाबद्दल उत्तमरावांकडून खुलासा मागवला. त्यांनी जसं घडलं तसं लिहून दिलं. बढती वर्षभर लांबली. मला हे त्यांच्या तोंडून नाही, पोस्टमनकडून कळलं.

वीस दिवसांनी भाभी परतली ती मिठाईचा पुडा घेऊन थेट त्यांच्या खोलीच्या दाराशी.

“बाबूजी, एक सांगा. आम्ही सारे अकोला-अकोला करून राह्यलो होतो. तुम्हाले काऊन नाही वाटलं?”

उत्तमरावांनी पुडा दोन्ही हातांनी घेतला.

“मलेही अकोलाच वाटत होतं, भाभी,” ते म्हणाले. “एकदम पक्कं वाटत होतं.”