घरमालकिणीची उचकी

मला भुतांचे सिनेमे आवडत नाहीत. विनोदी सिनेमे तर त्याहून आवडत नाहीत. दोन्ही एकत्र कालवले की काय होतं, याची मला आयुष्यात कधी उत्सुकता वाटली नव्हती. तरीही अशाच एका सिनेमावरून माझं डोकं तापलं आहे आणि ते निवायला तयार नाही. कारण माझी नणंद.

घरात तिला बेबी म्हणतात. सत्तरी उलटली, गुडघे गेले, दात बदलले, तरी बेबीच. लग्न केलं नाही. मी या घरात आले तेव्हापासून आम्ही दोघी एका छपराखाली आहोत आणि माझ्या नवऱ्यापेक्षा तिचीच सोबत मला जास्त झाली, हे नवऱ्यालाही माहीत आहे. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. आवाज असा, की धुऊन इस्त्री केलेला. ट्रंक कॉल लागत नाही म्हणून शिव्या द्यायला सरसावलेला माणूस तिच्या 'थांबा हं, लावते' एवढ्यावर गार पडायचा.

हसणं मात्र इस्त्रीचं नव्हतं. पोटातून निघायचं, पायऱ्या चढल्यासारखं वर जायचं, आणि ऐन भरात एक उचकी. एकच, पण सणसणीत. मग ते हसणं जसं काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू. ऐकणारा आपोआप हसायचा.

माझे सासरे सोडून. ते चष्म्याची डबी टेबलावर आपटायचे. टक. तोंडाने एक अक्षर नाही. मुलींनी असं हसू नये, आणि उचकी लागेपर्यंत तर नाहीच नाही, हे सगळं त्या एका 'टक'मध्ये यायचं. गेलेल्या माणसाबद्दल 'तसे मनाने चांगले होते' असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. त्या डबीने बेबीला ओठ मिटून हसायला शिकवलं. खांदे हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आवाज शून्य. टीव्ही म्यूट केल्यासारखी बाई. ते गेले, डबी गेली, पण सवय काही गेली नाही.

आता पुढचं मला कळलं ते गेल्या वर्षी.

आमच्या कोपऱ्यावर केमिस्ट आहे. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, गिऱ्हाईकाशी कामापुरतं बोलणारा. बेबी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेली होती. पुढचे एक आजोबा खोकल्याच्या औषधाची बाटली हलवता हलवता स्वतःच गदागदा हलत होते, आणि त्यांची बायको म्हणाली, "अहो, औषध हलवायचं आहे, तुम्ही नाही." बेबीला बेसावधपणे हसू फुटलं. खरंखुरं, आवाजाचं. आणि मध्ये उचकी.

केमिस्टच्या हातातली गोळ्यांची पट्टी तिथेच थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग काउंटरखालचा आपला पाण्याचा ग्लास उचलला आणि दोन्ही हातांनी, हात थरथरवत, तिच्यापुढे धरला. "घरमालकीण!" तो पुटपुटला.

बेबी गोळ्या तिथेच टाकून घरी आली आणि खुर्चीत बसली. मी घाबरले. रक्तदाबच वाटला मला. ती म्हणाली, "वहिनी, त्याने मला ओळखलं." मग तिने सगळं सांगितलं.

एक्सचेंजच्या इमारतीत तळमजल्यावर सिनेमाला आवाज भरायचा स्टुडिओ होता. ऑपरेटर मुली मधल्या सुट्टीत जिन्यात बसायच्या, कारण तिथे सुपरवायझर यायची नाही. तिथल्या रेकॉर्डिस्टने बेबीचं हसणं ऐकलं होतं. त्यांच्याकडे एक भुताचा सिनेमा अडला होता. घरमालकिणीचं भूत झालेल्या नटीचं हसणं शेळीसारखं होतं, आणि ती दुसऱ्या शूटिंगला निघूनही गेली होती. त्याने बेबीला गळ घातली. ही गेली, काळोख्या खोलीत माइकपुढे उभी राहिली, हसली. उचकी लागली. हिने माफी मागितली, पुन्हा करते म्हणाली. रेकॉर्डिस्ट पडद्याकडे बघत होता. म्हणाला, "बाई, आता याला कोणी हात लावायचा नाही." का, ते बेबीला कळलं नाही. सुट्टी संपली होती, ती वर पळाली.

घरी सांगायचा प्रश्नच नव्हता. सिनेमाच्या नावांत हिचं नाव नव्हतं. सिनेमा लागला तसा उतरला. सासऱ्यांच्या कानावर जाईल या भीतीने हिने पाहिलाही नाही. स्वतःचं ते हसणं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी केमिस्टच्या घरी गेले. हा काय प्रकार आहे ते बघायलाच हवं होतं. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि मला थेट कपाटापुढे नेऊन उभं केलं. जमिनीपासून छतापर्यंत जुन्या कॅसेटी आणि डिस्क, एकेक खोक्यात, खोक्यात पुस्तिका, चित्रं, घडी घातलेलं पोस्टर. "माझ्या भांड्यांना जागा नाही, काकू," ती म्हणाली. "भुतांना आहे. आणि एकच सिनेमा चारदा घेतात. का, तर खोकं वेगळं." केमिस्ट मान खाली घालून व्हीसीआर पुसत होता. दुकानात मुका असणारा हा माणूस घरात मात्र सुरू झाला की थांबेना. सिनेमाचं नाव 'मेल्यावरचं भाडं'. थिएटरात पडला, पण पुढे कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानांतून पोरांनी तो झिजेपर्यंत पाहिला, पाठ केला, आणि आता ती पोरं पन्नाशीची होऊन त्याच्यासाठी जीव टाकतात.

त्याने सिनेमा लावला. मेलेली घरमालकीण थकलेलं भाडं वसूल करायला कपाटातून बाहेर येते. कपाट डुगडुगतं. तिला उचलणारी तार सरळ दिसते. भुताच्या मनगटावर घड्याळ आहे. मी मनातल्या मनात वाट्टेल ते बोलत होते. मग तो प्रसंग आला. भाडेकरू घाबरून कोपऱ्यात, हातात पाण्याचा ग्लास. तो ग्लास त्याने भुतावर भिरकावायचा असणार, पण नट गडबडला आणि नुसताच थरथरत पुढे धरून उभा राहिला. घरमालकीण हसायला लागते. माझ्या अंगावर काटा आला, कारण ती आमची बेबी होती, तिशीतली, डबीच्या आवाजापासून लांब. हसणं चढत गेलं, उचकी लागली, आणि त्या क्षणी तो समोर धरलेला ग्लास! भेदरलेला माणूस भुताला पाणी देतोय. उचकी लागलीय ना बाई, घ्या घोटभर. मी इतकी हसले की केमिस्टची बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

तेव्हा मला केमिस्टच्या कपाटाचा अर्थ लागला. या सिनेमात सगळंच फसलेलं आहे आणि तरी कोणी थांबलेलं नाही. चांगला सिनेमा आपली चूक दिसू देत नाही. हा दाखवतो, आणि त्या चुकीतून कधीतरी असं काही निघतं जे ठरवून सात जन्मांत निघणार नाही. ते पुन्हा पुन्हा बघायला, मागे नेऊन बघायला, आपल्या फळीवर ठेवायला माणसं का धडपडतात, ते मला पटलं. खोकी चार वेगवेगळ्या प्रकारची कशाला, हे मात्र अजून पटलेलं नाही.

केमिस्टने सांगितलं, एक कंपनी आता या सिनेमाची संग्राहकांसाठी खास डिस्क काढते आहे. पहिल्यांदा दाखवतील तेव्हा लहानसा समारंभ आहे. त्याने कंपनीला बेबीबद्दल कळवलं आणि त्यांनी आनंदाने बोलावलं. मी बेबीला म्हटलं, आधी त्याच्याकडे कॅसेट ऐकून तरी घे. ती म्हणाली, "नको. केलं लपून. ऐकणार चारचौघांत."

तर आम्ही गेलो. बेबीने ठेवणीतले कपडे घातले, नवी चप्पल काढली आणि ती चावते म्हणून जुनी घातली. हॉल लहान, पण भरलेला. सिनेमातल्यासारखे किल्ल्यांचे जुडगे कमरेला लावून घरमालकिणी झालेली माणसं, त्यातले निम्मे पुरुष. आणि प्रत्येकाच्या हातात कागदी ग्लास, पाणी भरलेला. केमिस्टने आम्हालाही दिले. कंपनीचा माणूस, काळा टीशर्ट, सुरुवातीला बोलला. चित्र कसं धुऊन काढलं, आवाजातला एकेक दोष कसा वेचून काढला, वगैरे. मी जांभई दिली. तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

तो प्रसंग आला. सगळ्या हॉलने ग्लास वर धरले. बेबीनेही. दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट धरलं होतं.

घरमालकीण हसली. हसणं चढलं, चढत राहिलं, आणि गुळगुळीत, सपाट, पलीकडे उतरून गेलं.

उचकी नव्हती. पडद्यावरचा भाडेकरू ग्लास धरून उभा, हॉलमधली माणसं ग्लास धरून उभी, आणि सगळे बावळट दिसत होते. कोणीतरी मागून म्हणालं, "कुठे गेली?"

दिवे लागले. टीशर्टवाला गोंधळला. तो आवाजातला दोष होता, म्हणाला, मशीनने पकडला आणि काढला, आता हसणं किती स्वच्छ आलं आहे बघा. मी उठले आणि मला जे यायचं ते सगळं बोलले. ते इथे लिहीत नाही, छापणारा कापेल. मग त्याने जे केलं त्याला माफी नाही. माइक घेऊन बेबीपुढे आला आणि म्हणाला, मावशी, एवढं काय त्यात, आत्ता एकदा हसून दाखवा ना उचकीसकट, आपण जोडून टाकू.

बेबी उभी राहिली. माइक तिने हातात घेतला नाही. तिला कधी लागला नाही. एक्सचेंजच्या त्या आवाजात, एकेक अक्षर वेगळं ऐकू येईल असं, ती म्हणाली, "ही उचकी काढून टाकायला माझे वडील जन्मभर झटले. त्यांना जमलं नाही. तुम्हाला जमलं. अभिनंदन."

ग्लासातलं पाणी तिने शांतपणे पिऊन टाकलं, ग्लास त्याच्या हातात दिला आणि आम्ही घरी आलो. वाटेत ती एकच वाक्य बोलली, की आधीच ऐकलं असतं केमिस्टकडे तर बरं झालं असतं. आणि केमिस्टकडे जाऊ या म्हटलं, तर नको म्हणाली. चारचौघांत ऐकायचं होतं ते, ते झालं आता. महिनाभर ओठ मिटूनसुद्धा हसली नाही. मी माझ्या परीने हसवायला गेले, तर म्हणाली, "वहिनी, तुम्हाला विनोद जमत नाहीत." ते खरं आहे.

त्या वेड्या माणसांना मात्र मी मानलं. त्यांनी डिस्क परत पाठवल्या. घेतलेल्या, खोकी फोडलेल्या, पुस्तिकेसकट. कंपनीचा फोन वाजत राहिला आणि पलीकडून कोणी बोलायचं नाही, नुसती उचकी द्यायचे. ही कल्पना केमिस्टच्या बायकोची, हे मला नंतर कळलं. शेवटी कंपनीने केमिस्टची झिजलेली कॅसेट मागून नेली आणि तिच्यावरून आवाज पुन्हा भरला, खरखरीसकट.

गेल्या आठवड्यात नवं खोकं घरी आलं. आत नावांची पुस्तिका, त्यात घरमालकिणीचं हसणं म्हणून बेबीचं नाव, पूर्ण, आडनावासकट. ती बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून होती. मी खोकं उलटून पाहिलं. मागे, सोनेरी अक्षरांत: 'मूळ सदोष आवाजासह'.

सदोष. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. एवढं होऊनही यांना तो दोषच वाटतो. मी कपाटातून जाड काळा पेन काढला, चष्मा लावला आणि 'सदोष' खोडायला बसले. खोक्याला गुळगुळीत कागद, शाई बसेना. खोडलं की पुसलं जायचं, माझी बोटं काळी, मग नाकाला खाज आली म्हणून नाक काळं, आणि तोंडाने मी त्या कंपनीच्या सात पिढ्या काढत होते.

समोरून पोटातून काहीतरी निघाल्याचा आवाज आला. पायऱ्या चढत वर गेला. आमचे हे आतल्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभे राहिले. उघड्या तोंडाने हसणारी आपली बहीण त्यांनी बहुधा लहानपणानंतर पाहिलीच नव्हती. आणि मग ती उचकी, सणसणीत, जुनी.

मी पेन ठेवला आणि पाणी आणायला उठले. ते 'सदोष' तसंच अर्धवट राहिलं आहे. ते मी खोडणार आहे.