काचेवरची लाल धूळ

सपाट टीव्ही मला आवडत नाही. मुलगा मला हट्टी म्हणतो. म्हणू दे.

गोवा राज्य झालं, त्याच सुमारास डिचोलीच्या आमच्या घरात पेटीसारखा जाडजूड टीव्ही आला. घरासमोरून खाणीचे ट्रक दिवसभर जायचे. खनिजाची लाल धूळ केळीच्या पानांवर बसायची, भातातही उतरायची, पण तिचं कुणाला काही वाटत नसे. टीव्हीची काच मात्र ती धूळ ओढूनच घ्यायची. काचेवरून हात फिरवला की अंगावरचे केस उभे राहत आणि बोटं लाल होत. आई रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने काच पुसायची. फडकं पिळलं की तांबडं पाणी गळायचं. मग ती टीव्हीवर स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर घालायची आणि तो बिघडेल या धास्तीने आम्हाला बजावायची, "झाकून ठेवा, ना जाल्यार पाड जातलो."

त्यातलाच एक ट्रक बाबा चालवायचे. खिडकी उघडी आणि नाकातोंडावर साधा रुमालही नाही. घरी आल्यावर ते टीव्हीसमोर बसून खोकत राहायचे. खोकल्यात बातम्या ऐकू येईनात, की स्वतःच म्हणायचे, "आवाज वाढव रे."

पन्नाशीच्या आतच ते गेले. टीव्ही त्यानंतरही कितीतरी वर्षं चालला. त्याला काही म्हणता काही झालं नाही.

परवा मुलाने नवा टीव्ही भिंतीवर लावला. मध्यंतरी खाणींबरोबर बंद झालेले ट्रक आता पुन्हा समोरून जाऊ लागलेत. तो कौतुकाने म्हणाला, "बघा, यावर धूळ बसतच नाही."

मी विचारलं, "मग ती कुठे बसते?"