शेजारची अर्धी सीट

कंपनीच्या बसमध्ये मी आणि माझा दोस्त कधीच एका सीटवर बसलो नाही. मावलोच नसतो. तो डावीकडे, मी उजवीकडे, दोघांच्याही शेजारी अर्धी सीट रिकामी, आणि मधल्या वाटेवरून चिंचवड ते महाळुंगे आमच्या गप्पा. बस कितीही भरली तरी त्या अर्ध्या सीटवर कुणी टेकत नसे. लोक आम्हाला जोडगोळी म्हणायचे. मला ते आवडायचं.

मग त्याने पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. वर्षभरात तो निम्मा झाला. शुगरची गोळी बंद, गुडघेदुखी बंद, घोरणं थांबवायला रात्री नाकाला लावायचं मशीन माळ्यावर. मी तोंडभर अभिनंदन केलं आणि आतून जळून खाक झालो. माझ्या गोळ्या वाढतच होत्या. त्यात त्याच्या शेजारी पेंट शॉपचा एक सडपातळ सुपरवायझर बसायला लागला. दिवसभरात कोण किती पावलं चाललं ते दोघं मोबाइलवर बघून हसायचे. मी काही बोललो तर तो नुसतं "हं?" करायचा. घरात सवत आल्यासारखा मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

गुरुवारी कँटीनमध्ये गुलाबजाम असतात. पूर्वी आम्ही वाढप्याला मस्का मारून जास्तीचे घ्यायचो. त्या दिवशी त्याने आपली वाटी माझ्याकडे सरकवली.

"तू खा. ऑपरेशन झाल्यापासून मला गोड खाल्लं की दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते."

"तुझं उरलंसुरलं मला नको," मी म्हणालो आणि वाटी परत ढकलली. ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

परतीच्या बसमध्ये मी मुद्दाम डोळे मिटून घेतले. मोशीच्या अलीकडे कुणीतरी मला कोपराने ढोसलं.

"सरक की भावा."

सरकायला जागा नव्हतीच. तरी तो माझ्या शेजारच्या अर्ध्या सीटवर बसला आणि आरामात मावला.

"तुझा दोस्त तिकडं आहे ना?"

"तिकडं एसी अंगावर येतो राव. ऑपरेशनपासून थंडी फार वाजते. तुझ्याजवळ ऊब असते."

तो मला चिकटून बसला. त्याचं खांद्याचं हाड माझ्या दंडाला टोचत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही शेजारी बसलो होतो आणि मला फार बरं वाटलं. थोड्या वेळात त्याला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर, आणि घोरण्याचा आवाज अजिबात नाही. मी पुन्हा जळलो, पण हललो नाही.