चक्रीमामा आणि त्यांचा मासा

आमचे मामा मासे धरायची चक्री कानाला लावून पारखत. गळाच्या काठीला बसवलेली ती पितळी चक्री, तिच्यावर गुंडाळलेला रेशमी दोर. मासा पळाला की दोर सुटतो आणि आतले दाते कटकट वाजतात. मामा डोळे मिटून ती हळूहळू फिरवत आणि चेहरा असा करत, की जणू मुलगी बघायला आलेत आणि पोहे खारट निघालेत. मग निकाल लागे. "दिसाया बरी हाय. पण सोभाव हेकट." भाटघरच्या धरणावर त्यांनी मिस्तरी म्हणून उमेदीची वर्षं घातली, पण धरणाची कुणी आठवण काढली नाही. भोरपासून मार्गासनीपर्यंत ते ओळखले गेले चक्रीमामा म्हणून.

धरणाच्या बंगल्यात तेव्हा एक गोरा इंजिनियर राहत असे. पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद फेकायची आणि खडस मासा फसवायचा, हा त्याचा नाद. एकदा त्याने विलायतेहून आलेली नवी चक्री कौतुकाने मामांना दाखवली. मामा म्हणाले, "साहेब, ही वाजती लई, धरत न्हाई." साहेब हसला. दुसऱ्या दिवशी भला थोरला मासा गळ दोरासकट तोडून घेऊन गेला, तेव्हा त्याचं हसू गेलं. त्यानंतर मामांच्या कानाखालून गेल्याशिवाय त्याची एकही चक्री पाण्याला लागली नाही. बंगल्याच्या व्हरांड्यात मामांना बसायला वेताची खुर्ची मिळाली. धरणावरचे कारकून तिथे उभे राहत, आणि मामा बसत. घरी आल्यावर मामी म्हणायची, "आता जमिनीवर बसा, हितं खुर्ची न्हाई."

पण नुसत्या कानावर भागत नसे. चक्री आधी नदीच्या वाळूत पुरायची, धुवायची, पुन्हा फिरवायची. आणि शेवटची परीक्षा म्हणजे तिला मासा लावायचा. तो मासा मी होतो. विशीतला होतो, अंगाने आजच्यासारखाच भरलेला. मामांच्या मते हीच माझी लायकी. "खडस असाच असतो भाच्या, गुबगुबीत आन् अडदांड." माझ्या कमरेला दोर बांधायचा आणि मी धरणाखालच्या माळावरून पळायचं. मामा मागे काठी धरून उभे. "वळ की दगडाआड! मासा काय सडकंनं पळतो व्हय?" धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत. एकजण ओरडली होती, "मिस्तरी, सोडा त्याला पाण्यात, लई दमलाय!"

मी दमलो की मामा चक्रीच्या कडेला तळहात लावत. तो तळहात मला कमरेत कळायचा. आधी मऊ, मग घट्ट, मग जागच्या जागी थांबा. चक्री स्वतःहून अडकली तर तसं होत नाही. तिचे दाते ठेचकाळतात, दोर थरथरतो. हा फरक काठी धरणाऱ्याला कळतो, आणि माशाला. बघणाऱ्याला कळत नाही.

माणसांनाही मामा चक्रीसारखंच पारखत. माझ्या थोरल्या भावाबद्दल म्हणत, "त्याचा दाता लई घट्ट बसलाय, कुणाला सुटू द्यायचा न्हाई." खरंच होतं ते. भोरात भावाचं तांब्यापितळेचं दुकान, आणि त्यात मी डब्यांची झाकणं ठोकत असे. झाकणांना कंटाळलो होतो. मामांनी एकदा मोडकी विलायती चक्री दुरुस्तीला आणली, तेव्हा ती उघडून बघताना मला वाटलं, हे आपल्याला जमेल. आपण केलेली चक्री साहेबाला पसंत पडली तर तो पुण्याच्या मित्रांसाठी आणखी करायला सांगेल. मग आपली वेगळी भट्टी, वेगळं दुकान. मामांना सांगितलं, तर ते माझ्याआधी उठून कामाला लागले. दुकान बंद झालं की भाटघरहून येऊन माझ्याशेजारी बसायचे. "हा दाता घास. उलीसा. आता वाजीव." बाप गेल्यापासून माझ्या कामाजवळ असं कुणी बसलं नव्हतं.

चक्री तयार झाली तेव्हा आम्ही दोघंच नदीवर गेलो. मामांनी स्वतः माशी फेकली. मासा लागला, पळाला, चक्रीने सोडलं, धरलं, पुन्हा सोडलं. मासा काठाला आला. मामांनी चक्री कानाला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"काय मामा?"

"भाच्या, ही विलायतीला पानी भराया लावंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेबाम्होरं म्या बोलतो. तू फकस्त पळ."

मी पळालो. साहेब आणि त्याचा पुण्याचा पाहुणा बांधावर उभे, मामांच्या हातात काठी, काठीला माझी चक्री. असा मी आयुष्यात पळालो नाही. मागे दाते एका लयीत वाजत होते. दगडाशी वळलो, आणि कमरेला आलं ते ओळखीचं. आधी मऊ, मग घट्ट. दोर तुटला आणि मी तोंडावर पडलो. बाया हसल्या, पाहुणा हसला. मला वाटलं, चुकून लागला असेल हात. तोवर मामांचा आवाज आला, "अडाकली, साहेब. घरची वस्तू हाय. पोरानं हौसंनं केलीया."

साहेबाने माझ्या पाठीवर थोपटलं आणि तो पाहुण्याला घेऊन चहाला गेला. मामांनी गवतात ठेवलेली काठी उचलून मी चक्री फिरवली. लोण्यासारखी फिरली.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "मामा, तुम्ही तळहात लावलात."

वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी नाही म्हणावं अशी माझी फार इच्छा होती.

"लावला," मामा म्हणाले.

"का?"

थोडं चालल्यावर ते म्हणाले, "त्या व्हरांड्यात येकच खुर्ची हाय रं."

घरी गेल्यावर त्यांनीच तेल गरम केलं आणि मामीला माझी कंबर चोळायला लावली. "जरा जोरानं चोळ, पोरगं लई आपटलंय," असं वर बजावलंही. त्यात खोटं काही नव्हतं. मला लागल्याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

मी पुन्हा पळालो नाही. मामा एकदा दुकानात आले, "नवी चक्री आलीया भाच्या." मी म्हणालो, "मला झाकणं आहेत." भावाने आश्चर्याने मान वर केली; झाकणांबद्दलची माझी एवढी ओढ त्याने कधी पाहिली नव्हती. पुढे म्हणे मामांनी बोकडाला दोर बांधून बघितला. बोकड मामांच्याच दिशेने पळत आला आणि त्याने दोर खाल्ला. सगळ्यांनी हसून मला सांगितलं. मीही हसलो, पण त्यांना माझ्यावाचून अडतंय, याने आतून बरं वाटलं आणि स्वतःचीच चीड आली.

साहेबाची बदली झाली, व्हरांड्यातली खुर्ची उचलली गेली. मामा शेवटची वर्षं पासलीला मुलीकडे राहिले. मी आजही त्याच दुकानात आहे. डबा ठोकून झाला की नकळत कानाजवळ धरून वाजवतो. गिऱ्हाईक हसतं. बायको म्हणते, डब्यात कोण बोलतंय?

मामा गेल्यावर दहाव्याला घाटावर बरीच माणसं जमली. जो तो त्यांच्या पारखीचं सांगत होता. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, तुम्ही तर त्यांच्या हाताखाली पळालेले, तुम्ही बोला. मी म्हणालो, "मामांचा कान कधी चुकला नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊ मात्र मला बाजूला घेऊन पुटपुटला, "तुझ्या चक्रीच्या वेळी चुकलाच की. चांगली म्हणून साहेबापुढे नेली आणि अडकली. तरी त्यांचीच बाजू घेतोस?"

त्याला काय सांगणार? त्या दिवशी मामांचा कान खरंच चुकला असता, तर मी त्यांना तिथेच, तोंडातलं गवत थुंकता थुंकता, माफ करून टाकलं असतं.