कर्जतला सोडायचंय

बाबा गेले तेव्हा दादा टोरांटोत होता. तिथून मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, मधला थांबा धरून एकवीस तासांचा प्रवास. मी कर्जतच्या शाळेत भूगोल शिकवते, म्हणून सगळे मलाच विचारत होते. चुलते म्हणाले, "कवा पोचंल गं त्यो?"

"उद्या सकाळी आठला मुंबईत उतरेल. साडेतीन-चारपर्यंत घरी."

आई एवढंच म्हणाली, "मग थांबू."

बाबांना विजेवर चालणाऱ्या शवपेटीत ठेवलं. विमानतळावर दादासाठी मी फोनवरून गाडी ठरवली. ड्रायव्हरला सांगितलं, "कर्जतला सोडायचंय." तो म्हणाला, "हो मॅडम."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ड्रायव्हरच्या मोबाईलवरून दादाचा फोन आला. त्याचं कॅनडाचं सिमकार्ड इथे चालत नव्हतं.

"अगं, गाडीत डोळा लागला माझा. जाग आली तर समोर रेल्वे स्टेशन. हे रायगडातलं कर्जत आहे!"

आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं. आमचं टपालही चुकून तिकडे जातं, म्हणून पत्त्यात जिल्हा लिहायला मी दरवर्षी वर्गात बजावते.

"आता पुणं ओलांडून यायचं. पाच तास तरी लागतील. थांबाल ना?"

"थांबतो," मी म्हणाले.

एक वाजता लाईट गेली. एप्रिलचं ऊन. बर्फाच्या लाद्या आणून लावल्या, त्याही विरघळल्या. चार वाजता चुलते जवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, आता न्हाई थांबता येत. तुझ्या बाची आबाळ व्हायला लागली." आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अग्नी मीच दिला.

सव्वापाचला दादा थेट स्मशानात आला. पाठीवर बॅग तशीच. चिता धडधडून पेटली होती. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, "चेहरा कसा होता?"

"झोपल्यासारखा," मी म्हणाले. ते खरं नव्हतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, ड्रायव्हरने घोळ घातला. मी गप्प बसायचे. तो परत निघायच्या आदल्या दिवशी मात्र राहवलं नाही. तो बॅग भरत होता.

"दादा, मी त्याला नुसतं कर्जत म्हणाले होते."

त्याचा हात चेनवरच थांबला. "नगर जिल्हा म्हणाली नाहीस?"

"नाही."

तो खाली बसला. मी रडत होते, पण त्याने मला जवळ घेतलं नाही. मग म्हणाला, "मीही झोपायला नको होतं." आणि उरलेले कपडे भरू लागला.

आता तो रविवारी फोन करतो, आईचं बीपी विचारतो. हा विषय आम्ही दोघंही काढत नाही. आईला खरं कुणीच सांगितलेलं नाही. ती अजूनही त्या ड्रायव्हरला तळतळाट देते. मी भाजी निवडत ऐकून घेते.