सुमतीबाईंची सही

सुमतीबाई रत्नपारखी यांची माझी पहिली भेट हिंगोलीत, त्यांच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत झाली. मी नोकरी मागायला गेलो होतो. महाविद्यालयात अन्नशास्त्र शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या आणि गावोगावच्या लहान उद्योगांचे पदार्थ व लेबले तपासून दाखले देत होत्या. त्यांनी चॉकलेटचे एक वेष्टन माझ्यापुढे ठेवले. कोकोचे प्रमाण, वजन, मुदत सारे बरोबर असल्याचे मी सांगितले. "हे खाणार कोण?" बाईंनी विचारले. मी पुन्हा वेष्टनावर शोधू लागलो. तरी त्यांनी मला ठेवून घेतले.

बाईंनी पंच्याहत्तरी गाठली आहे. त्यांच्या कार्याविषयी या गौरवग्रंथात इतर मान्यवर लिहितीलच. मी एका दुपारबद्दल लिहितो.

सेनगावजवळच्या एका महिला गटाने चॉकलेट करायला घेतले होते. त्यांनी पाठवलेल्या घटकांच्या माहितीवरून बाईंनी लेबल मंजूर केले. त्यावर ठळक छापले होते : शेंगदाणा नाही. पुढे आम्ही त्यांची जागा पाहायला गेलो. खोली स्वच्छ होती. गटाच्या प्रमुख कांताताई साचे मांडत होत्या. चॉकलेट ओतण्याआधी त्या वाटीत बोट बुडवून प्रत्येक साच्यातून फिरवत होत्या.

"हे काय लावता?"

"तेलाचा हात, म्याडम. वडीच्या ताटाला लावतो तसा. न्हाईतर सुटंना."

"कशाचं तेल?"

"घान्याचं. आपल्याच शेंगांचं. बाजारचं न्हाई आनत आमी."

"मग लेबलवर शेंगदाणा नाही, असं कसं?"

"तेल व्हय ते. दाना कुठं टाकला आमी?"

शेजारची बाई हसली. "एवढुशा तेलानं चॉकलेटची चटनी होती का, म्याडम?"

सुमतीबाई हसल्या नाहीत. घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश राहतो, आणि ज्याला तो सोसत नाही अशा लेकराचा घसा सुजून श्वास बंद पडू शकतो, हे त्यांनी शांतपणे सांगितले. कांताताईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. पहिला माल सकाळीच आखाडा बाळापूरच्या दुकानात गेला होता. दुकानदार फोन उचलत नव्हता.

आम्ही लगेच निघालो; जीपमध्ये बाई पुढे बसल्या, कांताताई आणि मी मागे. "लायसन जाईल का हो?" कांताताईंनी मला हळूच विचारले. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "जाऊ द्या. लेकरू कुनाचं आसंल?"

"लेबल मी मंजूर केलंय," बाई म्हणाल्या.

दुकानदाराने एक सोडून सगळे डबे परत दिले. "एक शाळेतल्या म्याडम घेऊन गेल्या. लय वाचून घेतला. पोरीला शेंगदाना चालत न्हाई म्हने. दवाखान्यामागं ऱ्हातात."

घराचे दार उघडे होते. टेबलावर डबा होता, झाकण काढलेला. एक खाच रिकामी. मुलगी कुठे दिसत नव्हती. शिक्षिका समोर आल्या. मुलीने खाल्ले का, असे मी विचारले.

"ते मी खाल्लं," शिक्षिका म्हणाल्या. "नवीन काही आणलं की आधी मी खाते. ती झोपलीय. उठली की देणार होते."

डबा बदलून देतो, असे सांगून निघता आले असते. बाईंनी सगळे सांगितले : तेल, साचे, आपली सही. शिक्षिका खुर्चीवर बसल्या.

"मी वाचलं होतं की," त्या म्हणाल्या.

मग त्या आत गेल्या. झोपलेल्या मुलीच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. आम्ही दारातच उभे होतो.

बाईंनी त्या गटाला वाऱ्यावर सोडले नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा सेनगावला गेल्या. चॉकलेट नीट थंड होऊ दिले की ते साच्यातून आपणच सुटते, हे त्यांनी कांताताईंच्या शेजारी बसून करून दाखवले. परत आणलेला माल नष्ट केला. गट आजही चॉकलेट करतो.

त्या दिवसापासून पदार्थ डोळ्यांदेखत झाल्याशिवाय बाईंनी एकाही लेबलवर सही केलेली नाही. अजूनही त्या एसटीने जातात, कोपऱ्यात स्टूल घेऊन बसतात, करणाऱ्यांच्या हातांकडे पाहतात. आपल्याला भीती वाटते, हे त्या लपवत नाहीत. आम्हालाही त्यांनी ती लपवू दिली नाही.

आता काही दाखल्यांवर माझी सही असते. पेन टेकवण्याआधी कोपऱ्यातल्या स्टुलावर बाई आहेत ना, हे मी पाहून घेतो. ते स्टूल रिकामे असलेली खोली मला डोळ्यांपुढे आणवत नाही. बाईंना निरोगी आयुष्य लाभावे, खूप वर्षांचे. हे मागणे मी भिऊन मागतो आहे.