आधी कातडी, मग तोंड

मेलेल्या मेंढीजवळ पोहोचल्यावर हसनमामू कुणाच्या सलामालाही उत्तर देत नसत. आधी गुडघ्यांवर बसत, मेंढीच्या मानेखाली सुरी घालत आणि कानापासून छातीपर्यंत कातडी सोलत. मग उठून हात पुसत आणि म्हणत, "वालेकुम सलाम. आता बोला."

मामू मूळचे श्रीवर्धनचे खाटीक. सौदीत, खमीस मुशैत शहरापलीकडच्या डोंगरात लांडग्यांचा अभ्यास करणारा आमचा कॅम्प होता. तिथे ते स्वयंपाकी म्हणून आले. मी चिपळूणचा, नोंदी माझ्याकडे. तिथले कळपांचे मालक लांडगा मारून रस्त्याकडेच्या खांबाला उलटा टांगत. त्यांच्याशी आमचं ठरलं होतं: मारण्याआधी त्यांनी आम्हाला बोलवायचं, मेंढी कुणी मारली ते आम्ही खरं सांगायचं. वरून सगळ्या जखमा सारख्याच दिसतात. खरं काय ते कातडीखाली असतं: दातांची भोकं, साकळलेलं रक्त. ते वाचायला खाटीकच हवा.

पहिल्याच वर्षी मामू चुकले. अबू फहदची एक मेंढी गळा फाटून पडली होती. मामूंनी गाडीतूनच पाहिलं आणि बोलून गेले, "हे सुरीचं काम दिसतंय." अबू फहदनं तंबूची लोखंडी खुंटी उचलली आणि "चोर! चोर!" म्हणत आपल्या सुदानी मेंढपाळाच्या, इद्रीसच्या तोंडावर घालायला सुरुवात केली. आम्ही त्याला ओढून काढेपर्यंत इद्रीसचा डावा डोळा गेला होता. मग मामूंनी कातडी सोलली. चार सुळ्यांची चार भोकं. लांडगा.

मामूंनी कॅम्पच्या साहेबांच्या मागे लागून इद्रीसला कॅम्पवर राखणदार म्हणून आणलं. सात वर्षं दोघं एका थाळीत जेवले. मामू चांगला तुकडा त्याच्याकडे सरकवत, तो मुकाट खाई. डोळ्याबद्दल त्यानं कधी अवाक्षर काढलं नाही.

"आईवरून शिवी दिली असती तरी चाललं असतं, कारकुना," मामू मला म्हणत. "हा गप जेवतो. माझ्याच घशाखाली घास उतरत न्हाय."

मग सौदीकरण आलं. मामूंच्या जागी स्थानिक माणूस घ्यायचा हुकूम निघाला, आणि निवड झाली अबू फहदच्या थोरल्या मुलाची, फहदची. मामूंनी त्याला महिनाभर शिकवलं. "मालकाच्या तोंडाकडे बघू नकोस. मेंढीकडे बघ. आधी कातडी, मग तोंड."

मामूंच्या शेवटच्या आठवड्यात अबू फहदच्याच नऊ मेंढ्या मेल्या. आम्ही फहदला घेऊन गेलो तेव्हा सापळ्यात जिवंत लांडगा अडकला होता आणि माणसं त्याला दगड मारत होती. खांबाला दोर बांधून तयार. मामू एकेक मेंढी सोलू लागले, इद्रीसनं मेंढ्यांचे पाय धरले, मी लिहीत गेलो. मांड्या चघळलेल्या, कान फाटलेले, गळ्यावर सुळ्याचं एकही भोक नाही; लांडगा तर आधी गळाच धरतो. आठवी झाली तसा अबू फहद ओरडला, "लांडगा म्हण!"

"नववी बाकी आहे," मामू म्हणाले.

अबू फहदच्या बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर बसला. दोन दात मातीत पडले. मामू रक्त थुंकले. "कारकुना, लिव. नववी." आणि ते नवव्या मेंढीपाशी गुडघ्यांवर बसले. तेव्हा फहद पुढे आला, त्यानं मामूंच्या हातून सुरी घेतली आणि नववी स्वतः सोलली. बापाकडे न बघताच तो म्हणाला, "कुत्रे. आपलेच."

मालकाच्या गाडीखाली कळपाच्या राखणीचे दोन्ही कुत्रे झोपले होते, छातीचे केस रक्तानं चिकटलेले. अबू फहदनं दोघांना जागीच गोळ्या घातल्या आणि त्याच दोरानं खांबाला टांगलं. लांडगा आम्हाला दिला.

मामू निघाले त्या सकाळी इद्रीसनं त्यांच्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत दोन दात, धुतलेले. स्वतःच्या मिटलेल्या डोळ्याला बोट लावून तो म्हणाला, "खलास, हसन."

मामूंनी पुडी पुन्हा मिटली. "दोन दातांचा एक डोळा होत नाही, इद्रीस."

"नाही होत," इद्रीस म्हणाला. त्यानं मामूंची बॅग खांद्यावर घेतली आणि गाडीकडे चालू लागला.